प्रोटॉनचं वजन आणि हुलसूरचं स्थळ

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न प्रोटॉनच्या वजनापायी अडून राहिलं होतं, असं मी सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटतं मी गंमत करतोय. मला गंमत जमत नाही. घडलं ते सांगतो. त्यातलं जे मला अजून कळलेलं नाही ते कळलेलं नाही असंच लिहितो, कारण कळल्यासारखं लिहिलं तर हे तिच्या हातात पडल्यावर ती पहिल्यांदा तेच खोडील.

आधी माझ्या कामाबद्दल सांगायला हवं, नाहीतर माझा गोंधळ कुठून सुरू झाला ते समजणार नाही. मी सांख्यिकी खात्यात आहे. पीक कापणी प्रयोग हे माझं काम. तालुक्यात यंदा ज्वारी एकरी किती पिकली, तूर किती, हे सगळी शेतं मोजून कुणालाच काढता येत नाही. म्हणून थोडी गावं आणि त्यांतली थोडी शेतं निवडायची. निवड आमची नसते. कसलाही क्रम नसलेल्या आकड्यांचा एक तक्ता आमच्याकडं असतो. त्यात जो आकडा निघेल त्या सर्व्हे नंबरचं शेत. शेताच्या नैऋत्य कोपऱ्यापासून किती पुढं जायचं आणि किती आत वळायचं, तेही तक्ताच सांगतो. तिथं खुंटी ठोकायची, दोरीनं चौकोन आखायचा, तेवढंच पीक कापायचं, मळायचं, तोलायचं, वाळवून पुन्हा तोलायचं.

खुंटी कुठं पडते यावर पुष्कळ काही ठरतं. सरासरी खाली आली तर शेतसारा माफ होतो. म्हणून प्रत्येक गावात कुणीतरी गोड बोलून खुंटी सरकवायला बघतो. या कोपऱ्याला तळ्याचा पाझर आहे, ही जागा धरू नका. इथं मेंढरं बसवली होती, इथलं पीक जास्तच आलंय, हे सोडा. मी धरतो. आकडा जिथं पडला तिथंच खुंटी. आमच्या कामात पाप म्हणावं असं एकच आहे: हाती आलेला आकडा टाकून देणं. त्यापायी दोन गावांत माझ्याशी लोक बोलत नाहीत आणि एका गावात मला पाणीसुद्धा मागून घ्यावं लागतं.

आमचं मूळ गाव खटकचिंचोळी. नोकरीमुळं त्या वर्षांत मी चिटगुप्प्याला बिऱ्हाड केलं होतं. माय आमच्याजवळच असायची, वडील गेलेले होते. ज्या वर्षी आमच्या वाड्यावस्तीनं बौद्ध धम्म घेतला, त्या वर्षी मी शाळेत होतो. बहीण त्यानंतर जन्मली. त्या आधीचं काही तिला आठवायचं कारणच नाही, आणि मला वाटतं तिच्या चालण्याबोलण्यात जो मोकळेपणा आहे तो तिथून आला असावा. वडील जाताना एवढंच म्हणाले होते की ही जिथवर शिकेल तिथवर शिकू दे. ती गुलबर्ग्याला बी.एस्सी. झाली, मग हैद्राबादला एम.एस्सी., आणि मग तिथंच संशोधनाला राहिली. ही ऐंशी सालानंतरची गोष्ट आहे.

स्थळ हुलसूरचं होतं. मुलगा उदगीरला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा. त्याला वडील नव्हते, चुलते सगळं बघायचे. चुलते निवृत्त हेडमास्तर, म्हणून सगळे त्यांना गुरुजी म्हणत. मुलगा आणि माझी बहीण हैद्राबादला एक-दोनदा भेटले, बोलले. तिनं मायला सांगितलं की माणूस मला पसंत आहे, पण काम अर्धं टाकून मी येणार न्हाई. गुरुजींनाही त्यात वावगं काही दिसलं नाही. अडचण वेगळीच होती. मुलाच्या धाकट्या भावाचंही जमलेलं होतं, त्याचे सासरे घाईवर आले होते, आणि थोरल्याच्या आधी धाकटा बोहल्यावर चढणं त्यांच्या घरात कधी झालेलं नव्हतं.

"आमी थांबू," गुरुजी मला म्हणाले. "पण कुठवर ते सांगा. नुसतं साल नको, महिना सांगा."

सांगायचं माझ्याकडं आलं, कारण घरात थोरला मी. मी सोमवारी अहवाल जाईल म्हणालो तर तो सोमवारी जातो. ज्या तारखेच्या मागं मला उभं राहता येत नाही ती तारीख मी तोंडातून काढत नाही. म्हणून मे महिन्यात ती सुट्टीला आली तेव्हा मी ठरवलं, हे काम काय आहे ते आधी समजून घ्यायचं आणि मग ते कधी संपेल याचा अंदाज स्वतः काढायचा.

तिनं कपड्यांच्या पिशवीबरोबर छापील कागदांचा एक मोठा गठ्ठा आणला होता. लांबच लांब कागद, घडीवर घडी, दोन्ही कडांना भोकं, आणि वरपासून खालपर्यंत आकडे. पंख्यानं उडू नयेत म्हणून मी माझ्या तराजूची वजनं त्यांवर ठेवली. आकडे आहेत म्हणजे मला कळेल, असं मला वाटलं होतं.

ती म्हणाली, सगळं जग प्रोटॉन आणि न्यूट्रॉनचं बनलंय, आणि प्रत्येक प्रोटॉनच्या आत तीन क्वार्क असतात. त्या तिघांचं वजन एकत्र केलं तरी ते प्रोटॉनच्या वजनाचा अगदी लहानसा भाग होतो. मी विचारलं, मग बाकीचं वजन कशाचं? ती म्हणाली, त्यांना बांधून ठेवणाऱ्या जोराचं.

मी आयुष्यभर पोती तोलली आहेत. पोतं तोलायचं, बारदानाचं वजन वजा करायचं, राहिलं ते दाण्यांचं. इथं दाणे जवळजवळ काहीच नाहीत आणि बारदानच सगळं. बरं, ते बारदान म्हणजे एखादी वस्तूही नाही, नुसता जोर. मी पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा तेच सांगितलं, जरा सावकाश, शब्द सुटे करून, आपण ऐकू न येणाऱ्याला सांगतो तसं नव्हे, पण त्याच्या जवळपास.

मग हे वजन कागदावर का काढता येत नाही, ते तिनं सांगितलं. विजेच्या जोराचं गणित पायऱ्यापायऱ्यांनी करता येतं. पहिली पायरी मोठी, दुसरी लहान, तिसरी त्याहून लहान, बेरीज करत गेलं की उत्तर जवळ येतं. या जोराला ते लागू पडत नाही, कारण तो इतका दांडगा आहे की पुढची पायरी लहान होतच नाही. म्हणून बाहेरदेशी लोकांनी दुसरी वाट काढली. जागेचे बारीक चौकोन पाडायचे, जाळीसारखे. जाळीच्या प्रत्येक दोन गाठींमधल्या दुव्यावर काही आकडे ठेवायचे. आणि वेळेचेही तसेच चौकोन पाडायचे.

वेळेचे चौकोन कसे पाडणार, असं मी विचारलं.

"अण्णा, तो आपला घड्याळातला वेळ न्हाई. गणितासाठी फिरवून घेतलेला वेळ हाय."

"म्हंजे खरा न्हाई?"

"तो खरा न्हाई. पण त्यातनं निघालेलं वजन खरं."

मी आत मायला चहा सांगितला.

चहा पिताना ती म्हणाली की चौकोनही खरे नाहीत. आपल्याला मोजता यावं म्हणून ते आपण आखतो, नंतर बारीक बारीक करत जातो, आणि उत्तर चौकोनाच्या मापावर अवलंबून राहिलं नाही म्हणजे ते धरायचं. हे मला पटलं. दोरी काही शेतात उगवत नाही. पुढं ती म्हणाली की कॉम्प्युटर एकेका दुव्यावरचा आकडा नशिबाच्या हवाली करून बदलतो. बदल ठेवायचा का पुसायचा याचा एक नियम असतो. सगळी जाळी एकदा पालथी घातली की एक फेरी झाली. अशा हजारो फेऱ्या, आणि शेवटी त्यांची सरासरी.

इथं मला फार बरं वाटलं. मी उठून माझा आकड्यांचा तक्ता आणून तिच्यापुढं ठेवला. तिनं तो आवडीनं चाळला. तिच्याकडं असे आकडे मशीनच बनवतं म्हणाली. मशीन तर सांगितलेलं करतं, मग त्यानं बनवलेला आकडा बिनक्रमाचा कसा असेल, असं मी विचारलं. ती म्हणाली, नसतोच, पण तसा वागतो. माझं बरं वाटणं तिथं संपलं.

आणि मग, कागदाची पहिली मोठी जुडी बाजूला सारत, ती सहज म्हणाली की हे धरायचं नाही. सुरुवातीच्या काही हजार फेऱ्या आम्ही सोडून देतो.

मी कप खाली ठेवला. म्हणालो, सोडून देतो म्हणजे? आकडे आलेत ना? तिनं समजावलं. जाळी सुरू करताना दुव्यांवरचे आकडे आपण ठेवलेले असतात. सगळे सारखे, नाहीतर सगळे विस्कटलेले. आपण कुठून सुरू केलं हे जाळीला विसरायला वेळ लागतो. तोवरचा आकडा आपला असतो, तिचा नसतो.

"आणि इसरली हे कसं वळखायचं?"

"दोन वेगळ्या ठिकाणाहून सुरू करायचं. दोन्ही एका जागी येऊन मिळाले की समजायचं. बघावं लागतंय."

"बघून ठरवायचं?"

तिनं जुडीच्या कडा सारख्या केल्या. मग म्हणाली, व्हय, बघूनच. पण बघणाऱ्यानं स्वतःला फसवायचं न्हाई.

बघून ठरवा हे तर प्रत्येक पाटील मला सांगत असतो, असं माझ्या मनात आलं, पण मी बोललो नाही. काम कधी संपेल ते विचारलं. लहान जाळीवरचं झालंय, मोठ्या जाळीवरचं काम नुकतंच लावलंय, मशीन सगळ्या विद्यापीठाचं आहे, आम्हाला इतरांचं होऊन उरलेला वेळ मिळतो, असं ती म्हणाली. महिना तिलाही सांगता आला नाही.

ती हैद्राबादला परत गेली आणि पुढच्याच आठवड्यात गुरुजी हुमनाबादला जाताना आमच्याकडं उतरले. त्यांनी महिना विचारला. मी म्हणालो की अजून सांगता येत नाही. ते नुसतेच बघत राहिले, म्हणून त्यांना पूर्ण कल्पना यावी यासाठी मी सगळं सांगितलं: जाळी, फेऱ्या, फिरवून घेतलेला वेळ. आणि सुरुवातीचे हजारो आकडे टाकून देतात, ते कामून टाकतात हे मला पटलेलं नाही, हेही सांगितलं. माझ्या हिशोबानं हे सांगणं माझं कर्तव्य होतं. उद्या ते म्हणाले असते की तुम्हाला माहीत असून तुम्ही लपवलं.

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. "ज्या कामात आलेले आकडे टाकून देत्यात, ते काम संपायचं कवा?" एवढं म्हणून त्यांनी पिशवी उचलली. पोहे तसेच राहिले.

माय आतून सगळं ऐकत होती. गुरुजींची पाठ वळल्यावर ती बाहेर आली. "तुला इचारलं काय अन् सांगितलंस काय रं? पोरगी आकडे टाकून देते म्हणून सांगतंय कुणी सोयरिकीत?" मी म्हणालो, खरं होतं ते. ती म्हणाली, "खरं हाय म्हणून आजपासून माझ्या गुडघ्याचंबी सांगत जा सगळ्यांना."

महिन्याभरात मध्यस्थाकडून कळलं की हुलसूरकरांनी औरादकडच्या एका मुलीची चौकशी केली आहे.

बहीण पुढच्या रविवारी आली. मायनं तिला पत्र धाडून आधीच सगळं कळवलं होतं. ती रागावली, पण आवाज न चढवता, आणि तिचं बोलणं मला जसंच्या तसं आठवतं. "माझ्यासाठी खोटं बोल म्हणत न्हाई मी. पण तुला जे कळलेलं न्हाई ते माझ्या नावावर कामून सांगितलंस?"

मला कळलं नाही हेच तर मी सांगितलं होतं. ते माझ्या नावावर की तिच्या, याचा मी विचार केला नव्हता.

ती म्हणाली, चल हुलसूरला. मायनं तोंडाला पदर लावला. लग्न ठरायच्या मुलीनं स्वतः उठून मुलाच्या घरी जायचं हे तिनं ऐकलेलं नव्हतं. "मी काय बघायला जात न्हाई," बहीण म्हणाली. "त्यांनी इचारलंय त्याचं उत्तर द्यायला जायलीय."

हुमनाबाद, बसवकल्याण, आणि तिथून हुलसूर. रस्ताभर ती खिडकीतून बाहेर बघत होती आणि मी मनात गुरुजींशी बोलत होतो. घरी पोहोचलो तर मुलगाही उदगीरहून आलेला होता. तो उठून उभा राहिला, पाण्याचा तांब्या घेऊन आला आणि मग कुठं बसावं ते न कळून दारातच टेकला. गुरुजी चकित झाले होते, पण हेडमास्तरकीची सवय. समोर कुणी उत्तर द्यायला उभं राहिलं की त्यांना प्रश्न सुचायचेच.

त्यांनी टाकून दिलेल्या आकड्यांपासूनच सुरुवात केली. तिनं मला सांगितलं होतं तेच त्यांना सांगितलं, जाळीला आपली सुरुवात विसरायला वेळ लागतो म्हणून. गुरुजींनी दोनच क्षण विचार केला.

"म्हंजे जूनमधी पोरं सुट्टीवरनं आल्यासारखं. पहिल्या आठवड्याच्या मार्कावर आमी पोराची हुशारी ठरवत न्हाई."

"व्हय गुरुजी, तसंच काहीसं."

गुरुजींना कळलं. दारात बसलेल्या मुलाला तर आधीच कळलेलं असावं. मी एकटाच तिथं बसून विचार करत होतो की जूनचा पहिला आठवडा संपला हे कॅलेंडर सांगतं; जाळीचा आठवडा संपला हे कोण सांगणार? पण मायनं मला निघताना बजावलं होतं, म्हणून मी गप्प राहिलो.

मग गुरुजींनी तिला महिना विचारला. ती म्हणाली, पुढची बुद्धपौर्णिमा, चार महिने इकडं तिकडं.

"इकडं म्हंजे आधी?"

"व्हय. पण बहुतेक तिकडं."

इथं मला राहवलं नाही. कुठल्याही अंदाजाबरोबर त्याची खात्री किती हे सांगावं लागतं, नाहीतर तो अंदाज अर्धा असतो. म्हणून मी सांगितलं की असा 'इकडं तिकडं'चा पल्ला देतात तेव्हा तीनात साधारण एकदा गोष्ट त्या पल्ल्याच्याही बाहेर जाऊ शकते. बहिणीनं डोळे मिटले.

"तुमी गप बसा की पाव्हणं," गुरुजी म्हणाले, आणि दारात बसलेला मुलगा पहिल्यांदाच हसला.

चौकशी केलेल्या औरादच्या स्थळाला त्यांनी नकार कळवला. धाकट्याच्या सासऱ्यांना बुद्धपौर्णिमेनंतरचे चार महिने, म्हणजे श्रावण-भाद्रपदापर्यंत थांबायला सांगितलं. मी ते कुठं लिहून ठेवलं नाही. लक्षात राहण्यासारखंच होतं.

ते वर्ष माझं नेहमीसारखं गेलं. उडीद-मूग झाले, तूर झाली, रब्बीची ज्वारी झाली. प्रत्येक खुंटी ठोकताना मला तिची जाळी आठवायची आणि कामात लक्ष लागायचं नाही. एकदा एका शेतात मी नैऋत्य कोपरा सोडून भलत्याच कोपऱ्यापासून मोजायला लागलो, तेव्हा शेतकऱ्यानंच सांगितलं की साहेब, दरवर्षी तर तिकडनं मोजता.

बुद्धपौर्णिमा गेली. पावसाळा निम्मा झाला तेव्हा ती आली, सुट्टी नसताना. आल्या आल्या जेवली, मायशी बोलली, आणि दुपारी मी ऑफिसातून घरी आलो तेव्हा ओट्यावर माझी वाट बघत बसलेली होती.

मोठी जाळी विसरत नव्हती. लहान जाळीला जेवढ्या फेऱ्या लागल्या तेवढ्यात मोठीचंही होईल असं धरून तिनं वेळ मागितला होता. पण दोन ठिकाणाहून केलेल्या सुरुवाती अजून एकमेकींना येऊन मिळत नव्हत्या. जवळ येत होत्या, पण मिळत नव्हत्या. म्हणजे आतापर्यंतच्या फेऱ्यांपैकी बऱ्याचशा टाकायच्या आणि पुन्हा वेळ मागायचा. ते केलं तर तिनं सांगितलेला पल्ला संपून पुढं कितीतरी महिने जाणार. नाही केलं, आधी ठरवल्याप्रमाणे थोड्याच टाकून बाकीच्या धरल्या, तर सरासरी छान येत होती, चूक लहान दिसत होती, आणि पुढच्या महिन्यात प्रबंध देता येत होता. मार्गदर्शक म्हणाले होते की एवढं चालून जाईल, तू ठरव. कुणी विचारणारही नव्हतं.

"हुलसूरला तारीख दिलीय," ती म्हणाली. "धाकट्याचं अडून बसलंय. अण्णा, काय करू?"

मला ती असं काही विचारेल याची कल्पना नव्हती. मी चपला काढून तिच्या शेजारी टेकलो. माझ्या कामात आकडा टाकणं म्हणजे लबाडी, आणि ती मला सांगत होती की तिच्या कामात तो न टाकणं म्हणजे लबाडी. दोन्ही गोष्टी सरासरीच्याच होत्या, दोन्हीकडं नशिबाचेच आकडे होते, आणि तरी एक सरळ होती तिथं दुसरी उलटी होती. कुठं उलटलं ते मला सापडेना. मी तिला म्हणालो की मी सगळे धर म्हणेन, पण ती माझी सवय आहे; त्यात मला काही समजतंय म्हणून नाही.

"तुला कळतंय का, कोणतं खरं?"

"व्हय."

"मग?"

"टाकावं लागंल."

"मग मी हुलसूरला जाऊन येतो," मी म्हणालो.

एकटाच गेलो. गुरुजींच्या ओसरीवर धाकट्याच्या सासरचे कुणीतरी नुकतेच येऊन गेले होते. रिकामे कप तसेच होते आणि गुरुजींचा चेहरा त्या कपांसारखाच होता. मी सरळ सांगितलं की दिलेला पल्ला मोडणार. किती मोडेल ते आता तीही सांगत नाही. आणि कामून मोडतोय तेही सांगितलं, या वेळी तिला आधी विचारून, तिच्याच शब्दांत.

"थोडे धरून चाललं असतं म्हणता?" गुरुजींनी विचारलं.

"चाललं असतं. कुणाला कळलंबी नसतं."

"अन् तुमाला काय वाटतंय? तुमी तर टाकायच्या इरोधात."

मी म्हणालो की मी अजूनही विरोधातच आहे. पण तिला जे खोटं वाटतं त्यावर सही करून ती तुमच्या घरात येणार नाही, एवढं मला कळतं. बाकी मला काही कळत नाही.

गुरुजी उठून आत गेले. आत बराच वेळ बोलणं चाललं होतं. बायकांचा आवाज होता, मग गुरुजींचा, मग पुन्हा बायकांचा. मुलगा उदगीरला होता, पण त्याचं म्हणणं त्यानं आधीच सांगून ठेवलेलं असावं, कारण गुरुजी बाहेर आले ते वैतागूनच आले.

"धाकट्याचं आधी उरकू," ते म्हणाले. "थोरला कवाधरनं तेच म्हणायलाय. लोकाला काय बोलायचं ते बोलू दे."

मला वाटलं होतं की आता आनंद होईल. झालाही असेल, पण त्याआधी मी चक्रावून गेलो. धाकट्याचं आधी होऊ शकत होतं, तर मग तारीख कशासाठी पाहिजे होती? वर्षभर आम्ही सगळे ज्या महिन्यासाठी अडून बसलो होतो तो महिना लागतच नव्हता? मी हे त्यांना विचारलंही. मला विचारायला नको होतं असं माय नंतर म्हणाली.

"तवा लागत होता," गुरुजी म्हणाले. "आता चहा घ्या."

धाकट्याचं लग्न त्याच वर्षी झालं. आम्ही सगळे गेलो होतो, आणि मांडवात लोक जे बोलायचं ते बोलले. बहिणीचा प्रबंध त्यानंतर पुष्कळ महिन्यांनी झाला. दोन्ही सुरुवाती शेवटी येऊन मिळाल्या. पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न हुलसूरला झालं.

एक गोष्ट राहिली. लग्नानंतर ती दोघं चिटगुप्प्याला आली होती, तेव्हा मी तिला विचारलं की प्रोटॉनचं वजन शेवटी काय निघालं. ती म्हणाली, जड निघालं. खऱ्यापेक्षा बरंच जड. मी म्हणालो, मग उत्तर चुकलं. तर म्हणे, चुकणारच होतं, ते आम्हाला ठाऊक होतं. आत सतत क्वार्क जोडीनं होतात आणि जातात, तो हिशोब मशीनला पेलत नाही म्हणून सगळ्यांनीच वगळलेला असतो. तो धरला की ते खाली येईल असा अंदाज आहे. मी विचारलं, चुकीच्या उत्तरावर पदवी देतात? ती म्हणाली, किती आणि कामून चुकलं ते नीट सांगता आलं तर देतात. माझ्या ऑफिसात तराजू चुकीचा निघाला तर तो सील करून ठेवतात. मी तसं म्हणालो. ती हसली.

मग माझ्या मनात कितीतरी दिवस होतं ते मी विचारलं. त्या फेऱ्या तू टाकल्या नसत्यास, तेव्हाच प्रबंध दिला असतास, तर उत्तर काय आलं असतं?

तिनं आधी नवऱ्याकडं बघितलं. तिला आठवावं लागत नव्हतं, मला सांगावं की नाही याचा ती विचार करत होती, असं मला वाटतं.

"खऱ्या वजनाच्या जवळ आलं असतं," ती म्हणाली. "बरंच जवळ."

"मग?"

"मग काय, अण्णा. एका चुकीनं दुसरी चूक झाकली असती. ते बरोबर आलं नसतं. जवळ आलं असतं."

तिचा नवरा शेजारीच बसलेला होता. त्यानं मान हलवली, म्हणजे त्याला हे ठाऊक होतं आणि कळलंही होतं. मी एकदा त्याच्याकडं बघितलं, एकदा तिच्याकडं. उदगीरच्या गाडीची वेळ झाली होती. मायनं शेंगाचटणीचा डबा बांधून आणला, ती दोघं उठली, आणि मी त्यांना स्टँडवर पोचवायला गेलो. गाडी येईपर्यंत मी तिला आणखी दोनदा तेच विचारलं. तिनं दोन्ही वेळा तेच सांगितलं.